विल्यम लॅम्बटन

विल्यम लॅम्बटन (जन्म: इ.स. १७५३ च्या सुमारास, यॉर्कशायर, इंग्लंड. मृत्यू: २० जानेवारी, इ.स. १८२३, हिंगणघाट) हे ब्रिटिश सैन्याधिकारी, भूमापक आणि भूगणितज्ञ होते. भारतीय उपखंडाचे शास्त्रशुद्ध मोजमाप करणाऱ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आरंभ त्यांनी १८०२ साली मद्रासजवळ केला. हेच सर्वेक्षण पुढे ‘ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे’, म्हणजे महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण, या नावाने प्रसिद्ध झाले. दक्षिण टोकापासून बीदरच्या परिसरापर्यंतचा सुमारे दहा अक्षांशांचा पट्टा त्यांनी मोजून काढला. ते काम आणखी उत्तरेकडे नेत असतानाच सध्याच्या महाराष्ट्रातील वर्धा जिल्ह्यात त्यांचा मृत्यू झाला. भारताच्या स्थलनिर्देशक नकाशांवरील अंतरे, उंची आणि स्थाने यांना जी विश्वासार्हता लाभली, तिचा पाया लॅम्बटन यांच्या कामात आहे.

सुरुवातीचे जीवन

लॅम्बटन यांचा जन्म यॉर्कशायरमधील नॉर्थअॅलर्टन या गावाजवळ एका सामान्य कुटुंबात झाला. शालेय वयातच त्यांना गणिताची विशेष गोडी लागली. १७८१ साली ते ब्रिटिश सैन्यात एन्साइन या सर्वांत कनिष्ठ अधिकारपदावर दाखल झाले व त्यानंतर ३३ व्या पायदळ पलटणीत गेले. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात त्यांची रवानगी उत्तर अमेरिकेत झाली. युद्ध संपल्यानंतर ते सध्याच्या कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांतात राहिले. तेथे नव्या वसाहतींसाठी जमिनीची मोजणी करणे आणि सैन्याच्या निवासव्यवस्थेवर देखरेख ठेवणे अशी कामे त्यांच्याकडे होती.

न्यू ब्रन्सविकमधील वर्षे त्यांच्या सैनिकी प्रगतीच्या दृष्टीने जवळपास वाया गेली, परंतु अभ्यासाच्या दृष्टीने ती महत्त्वाची ठरली. मिळेल त्या मोकळ्या वेळात त्यांनी गणित, खगोलशास्त्र आणि पृथ्वीचा आकार मोजण्याचे शास्त्र, म्हणजेच भूगणित, यांचे ग्रंथ वाचले. इंग्लंड व फ्रान्स यांच्यात त्या काळी झालेल्या त्रिकोणमितीय मोजण्यांची माहितीही त्यांनी मिळवली. संरक्षक काचेशिवाय सूर्यग्रहणाचे निरीक्षण केल्यामुळे याच काळात त्यांच्या एका डोळ्याला कायमची इजा झाली. पुढील सारे आयुष्य दुर्बिणीतून सूक्ष्म कोन वाचण्यात घालवणाऱ्या या भूमापकाला एकाच चांगल्या डोळ्यावर भिस्त ठेवावी लागली.

भारतात आगमन

वयाची चाळिशी उलटल्यानंतर, १७९६-९७ च्या सुमारास, लॅम्बटन आपल्या पलटणीबरोबर भारतात आले. या पलटणीचे प्रमुख कर्नल आर्थर वेलस्ली होते. असईच्या लढाईमुळे मराठी वाचकांना परिचित असलेले हेच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाले. त्यांच्या ओळखीचा लॅम्बटन यांना नंतर मोठा उपयोग झाला.

१७९९ च्या चौथ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात लॅम्बटन जनरल डेव्हिड बेअर्ड यांच्या तुकडीत ब्रिगेड मेजर होते. श्रीरंगपट्टणाजवळ एका रात्री ही तुकडी अंधारात दिशा चुकली. आकाशातील ताऱ्यांवरून लॅम्बटन यांच्या लक्षात आले, की सैन्य उत्तरेऐवजी दक्षिणेकडे, म्हणजे टिपू सुलतानाच्या फौजेच्या दिशेने, चालले आहे. बेअर्ड यांना ते प्रथम पटले नाही. ठिणगी पाडून होकायंत्र पाहिल्यावर मात्र ताऱ्यांची साक्ष खरी ठरली आणि तुकडी माघारी वळली. स्थाननिश्चितीच्या ज्ञानाचा प्रत्यक्ष उपयोग वरिष्ठांना दिसला, तो या प्रसंगी.

सर्वेक्षणाची कल्पना

टिपू सुलतानाच्या पराभवानंतर दक्षिणेतील विस्तीर्ण प्रदेश ईस्ट इंडिया कंपनीच्या वर्चस्वाखाली आला. सैन्याच्या हालचाली, करवसुली आणि सरहद्दींची आखणी यांसाठी कंपनीला नकाशे हवे होते. तोपर्यंतचे नकाशे मुख्यतः प्रवासमार्गांच्या नोंदींवरून तयार होत. चाक फिरवून रस्त्याची लांबी मोजायची, होकायंत्राने वळणांची दिशा टिपायची आणि अधूनमधून सूर्य-ताऱ्यांच्या वेधांवरून एखाद्या ठिकाणाचे अक्षांश-रेखांश काढायचे, अशी ती रीत होती. बंगालचे माजी सर्वेक्षणप्रमुख जेम्स रेनेल यांचा गाजलेला भारताचा नकाशा याच पद्धतीच्या सामग्रीवर आधारलेला होता.

या रीतीत दोन मोठ्या अडचणी होत्या. रस्ता डोंगरदऱ्यांतून वळसे घेत जातो, त्यामुळे चाकाने मोजलेली लांबी आणि दोन गावांमधील सरळ अंतर यांत बराच फरक पडतो. दुसरी अडचण रेखांशाची होती. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. त्यामुळे वेळेच्या नोंदीत केवळ एका मिनिटाची चूक झाली, तरी मद्रासच्या अक्षांशावर ते ठिकाण नकाशात सुमारे २७ किलोमीटर पूर्वेला किंवा पश्चिमेला सरकते. अशा चुका एका नकाशावरून दुसऱ्या नकाशावर जात व वाढत राहत.

लॅम्बटन यांनी यावर त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा उपाय सुचवला. त्यांच्या प्रस्तावाचे उद्दिष्ट दुहेरी होते. द्वीपकल्पाच्या दोन्ही किनाऱ्यांमधील महत्त्वाची स्थाने अचूक ठरवणे हा त्याचा व्यावहारिक भाग होता, तर विषुववृत्ताजवळच्या प्रदेशात एका अंशाची लांबी मोजून पृथ्वीच्या आकाराविषयी माहिती मिळवणे हा शास्त्रीय भाग होता. वेलस्ली यांच्या पाठिंब्यामुळे १८०० साली मद्रासचे गव्हर्नर एडवर्ड क्लाइव्ह यांनी या योजनेला मान्यता दिली. त्याच सुमारास कॉलिन मॅकेंझी यांच्याकडे म्हैसूर राज्याच्या तपशीलवार मोजणीचे काम सोपवण्यात आले होते. मॅकेंझी गावे, तलाव, शेते व वस्त्यांची नोंद करीत, तर लॅम्बटन यांचे काम अशा सर्व तपशिलांना बसवण्यासाठी लागणारी पक्की चौकट उभी करण्याचे होते.

उपकरणे

अशा कामासाठी लागणारी उपकरणे त्या काळी भारतात तयार होत नसत. लॅम्बटन यांना कलकत्त्यात एक शंभर फुटी पोलादी साखळी आणि एक झेनिथ सेक्टर, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या ताऱ्यांचा वेध घेऊन अक्षांश ठरवण्याचे यंत्र, मिळाले. ही उपकरणे मूळची लॉर्ड मॅकार्टनी यांच्या चीनमधील शिष्टमंडळाबरोबर गेलेली होती. चिनी सम्राटाच्या दरबारात त्यांचा स्वीकार न झाल्याने ती शिष्टमंडळातील शास्त्रज्ञ डिनविडी यांच्याबरोबर कलकत्त्याला आली होती.

कोन मोजण्यासाठी लागणारा मोठा थिओडोलाइट लंडनमधील विल्यम कॅरी यांच्याकडून खास बनवून घेण्यात आला. त्याचे क्षितिजसमांतर वर्तुळ तीन फूट व्यासाचे होते आणि पेटीसह त्याचे वजन सुमारे अर्धा टन होते. समुद्रमार्गे येत असताना हे यंत्र फ्रेंच युद्धनौकेच्या हाती लागले आणि मॉरिशसला नेण्यात आले. इंग्लंड व फ्रान्स एकमेकांचे शत्रू असूनही तेथील फ्रेंच गव्हर्नरांनी त्याचे शास्त्रीय महत्त्व ओळखून ते मद्रासला पाठवून दिले. १८०२ च्या उत्तरार्धात ते लॅम्बटन यांच्या कामात दाखल झाले.

मद्रासची आधाररेषा

त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे तत्त्व शालेय भूमितीइतके साधे आहे. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन माहीत असले, की उरलेल्या दोन बाजू गणिताने काढता येतात. या दोन बाजूंपैकी प्रत्येक बाजू पुढच्या त्रिकोणाची पहिली बाजू होते. अशा रीतीने एकच रेषा जमिनीवर प्रत्यक्ष मोजली, की पुढे टेकडीवरून टेकडीकडे पाहून केवळ कोन मोजत शेकडो मैल जाता येते. नद्या, जंगले आणि दऱ्या मध्ये आल्या तरी अंतर मोजण्यात अडथळा येत नाही. मात्र पहिली रेषा चुकली, तर त्यावर उभारलेले सर्व त्रिकोण त्याच प्रमाणात चुकतात. त्यामुळे या पहिल्या रेषेला, म्हणजे आधाररेषेला, असाधारण महत्त्व असते.

लॅम्बटन यांनी आधाररेषेसाठी मद्रासजवळील सेंट थॉमस माउंटच्या परिसरातील सपाट जमीन निवडली. १० एप्रिल १८०२ रोजी मोजणीला सुरुवात झाली आणि ती २२ मे रोजी पूर्ण झाली. साडेसात मैलांहून किंचित अधिक लांबीच्या या रेषेसाठी शंभर फुटी साखळी सुमारे चारशे वेळा मांडावी लागली. साखळी जमिनीवर न टाकता तिपाईंवर ठेवलेल्या लाकडी पेट्यांतून ताणली जाई, जेणेकरून ती मध्येच झुकू नये.

काम ऐन उन्हाळ्यात चालल्याने साखळीच्या लांबीवर होणारा उष्णतेचा परिणामही विचारात घ्यावा लागे. पोलादी साखळीचे तापमान एक अंश सेल्सियसने वाढले, तर ती शंभर फुटांमागे इंचाच्या सुमारे सत्तराव्या भागाने लांबते. हा फरक नगण्य वाटतो, परंतु साडेसात मैलांत तो पाच इंचांच्या वर जातो. म्हणून साखळीजवळ तापमापक ठेवून प्रत्येक वेळच्या तापमानाची नोंद होई आणि त्यानुसार लांबी दुरुस्त केली जाई. शेवटी ही लांबी समुद्रसपाटीवरील लांबीत रूपांतरित करण्यात आली.

या काटेकोरपणाची परीक्षा दोन वर्षांनी झाली. १८०४ साली लॅम्बटन यांचे साहाय्यक जॉन वॉरन यांनी बंगळूरजवळ दुसरी आधाररेषा साखळीने मोजली. मद्रासपासून आलेल्या त्रिकोणांच्या मालिकेवरून तिची लांबी गणितानेही काढण्यात आली होती. दोन्ही उत्तरांत चार इंचांहूनही कमी फरक निघाला. मधले सुमारे दोनशे मैलांचे अंतर केवळ कोन मोजून पार केलेले होते, हे लक्षात घेता हा ताळा उल्लेखनीय होता.

द्वीपकल्पाची रुंदी

मद्रासपासून पश्चिमेकडे जाणारी त्रिकोणांची मालिका म्हैसूरच्या पठारावरून व पश्चिम घाटावरून १८०६ पर्यंत मंगळूरच्या किनाऱ्याला पोहोचली. पूर्व व पश्चिम किनाऱ्यांमधील अंतर प्रथमच अचूक मोजले गेले. प्रचलित नकाशांत या भागात द्वीपकल्पाची रुंदी सुमारे ४०० मैल दाखवलेली असे. प्रत्यक्षात ती सुमारे ३६० मैलच भरली. नकाशावरील चाळीस मैलांची भूमी अस्तित्वातच नव्हती.

दहा मैलांमागे एक मैलाची ही चूक वाचकाच्या नजरेला कळणारी नव्हती. नकाशा नीट आखलेला, गावांची नावे शुद्ध आणि नद्यांची वळणे देखणी असली, तरी त्याच्या प्रमाणावरून काढलेले अंतर खोटे असू शकते, हे या निष्कर्षाने सिद्ध झाले. अशा नकाशावरून दहा दिवसांच्या वाटचालीची शिधासामग्री बांधणाऱ्या सैन्याचा किंवा प्रवाशाचा अंदाज पूर्ण एका दिवसाने चुकला असता.

विरोध

या कामाला कंपनीच्या कारभाऱ्यांकडून व जाणकारांकडूनही विरोध झाला. खर्च मोठा होता आणि त्याचा तात्काळ लाभ दिसत नव्हता. मद्रासच्या अर्थसमितीतील एका सदस्याने असा आक्षेप घेतला, की कोणाला श्रीरंगपट्टणला जायचे असल्यास त्याने पालखीच्या भोयांना तसे सांगावे. ते त्याला तेथे नेऊन पोहोचवतील, त्यासाठी नकाशाची गरज काय. लंडनमध्ये खुद्द रेनेल यांनाही त्रिकोणमितीय मोजणीपेक्षा खगोलीय वेधांची जुनी पद्धत पुरेशी वाटत होती.

भोयांना वाट माहीत होती, हे खरेच होते. स्थानिक माणसाचे वाटेचे ज्ञान कोणत्याही नकाशापेक्षा सूक्ष्म असते. परंतु ते ज्ञान त्या माणसाबरोबरच असते. वाटेवर कधीही न गेलेल्या व्यक्तीला दूर बसून दोन स्थानांमधील दिशा, अंतर व चढउतार समजावून देणे हे नकाशाचे काम आहे, आणि कंपनीला नेमके तेच हवे होते. या दूरस्थ ज्ञानाचा उपयोग राज्य चालवण्यासाठी व वाढवण्यासाठी होणार होता, हेही तितकेच खरे आहे. ब्रिटनचे राजज्योतिषी नेव्हिल मॅस्कलिन यांनी लॅम्बटन यांच्या पद्धतीची बाजू उचलून धरली. मंगळूरपर्यंतच्या मोजणीचे निष्कर्ष हाती आल्यावर विरोधाची धार कमी झाली.

ग्रेट आर्क

पूर्व-पश्चिम मालिकेबरोबरच लॅम्बटन यांनी ७८° पूर्व रेखावृत्ताच्या आसपास दक्षिणोत्तर जाणारी त्रिकोणांची मालिका हाती घेतली. ‘ग्रेट आर्क’ या नावाने ती पुढे जगप्रसिद्ध झाली. पृथ्वी ध्रुवांपाशी थोडी चपटी असल्यामुळे अक्षांशाच्या एका अंशाची लांबी सर्वत्र सारखी नसते. विषुववृत्तापाशी ती सुमारे ११०.६ किलोमीटर, तर ध्रुवापाशी सुमारे १११.७ किलोमीटर असते. जेमतेम एका किलोमीटरचा हा फरक मोजून पृथ्वीचा नेमका आकार ठरवण्यासाठी अतिशय लांब पट्टा तितक्याच अचूकतेने मोजणे आवश्यक होते.

१८०९ पर्यंत ही मालिका द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकापर्यंत पोहोचली. त्यानंतर काम उत्तरेकडे वळले. १८११ मध्ये गुत्तीजवळ आणि १८१५ मध्ये निजामाच्या राज्यातील बीदरजवळ नव्या आधाररेषा मोजून आधीच्या गणिताचा ताळा घेण्यात आला. काही ठिकाणी अंशांच्या लांबीत अपेक्षेपेक्षा वेगळे आकडे येत. जमिनीखालील जड खडकांच्या आकर्षणामुळे ओळंबा किंचित ओढला जात असावा, असा तर्क लॅम्बटन यांनी मांडला. पुढे भूगणित आणि भूभौतिकी या शास्त्रांत या प्रश्नाला मोठे महत्त्व आले.

तंजावरचा अपघात

१८०८ साली सर्वेक्षणाचे काम तंजावरच्या सपाट प्रदेशात आले. तंजावरच्या गादीवर त्या वेळी भोसले घराण्यातील सरफोजी राजे (दुसरे) होते. आसपास डोंगर नसल्याने दूरवर पाहण्यासाठी बृहदीश्वर मंदिराच्या उंच वास्तूचा आधार घेण्याचे ठरले. अर्ध्या टनाचा थिओडोलाइट दोरांच्या साहाय्याने वर चढवला जात असताना एक दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळले. त्याचे वर्तुळ वाकले आणि त्यावरील कोनांच्या खुणा निरुपयोगी झाल्या.

असे दुसरे यंत्र मागवायचे, तर काही वर्षे काम बंद ठेवावे लागले असते. लॅम्बटन यांनी ते त्रिचनापल्लीला नेले, तंबूत स्वतःला जवळजवळ कोंडून घेतले आणि सुमारे सहा आठवडे दुरुस्तीत घालवले. पाचरी, स्क्रू आणि कप्प्या वापरून त्यांनी वर्तुळ थोडे थोडे ताणत मूळ आकारात आणले. हाच दुरुस्त केलेला थिओडोलाइट त्यांच्या मृत्यूपर्यंत आणि त्यानंतरही काही वर्षे वापरात राहिला.

कामाची रीत आणि सहकारी

सर्वेक्षणाचा तळ हे एक फिरते गाव असे. त्यात साहाय्यक, निशाणे उभारणारे, यंत्र वाहणारे, तंबू ठोकणारे खलाशी, हमाल आणि पहारेकरी असत. आरंभी वॉरन यांच्याबरोबर हेन्री केटर हे साहाय्यक होते. हे दोघे गेल्यानंतर मद्रासच्या सर्वेक्षण शाळेत शिकलेल्या, बहुतांशी अँग्लो-इंडियन तरुणांवर कामाची भिस्त राहिली. त्यांपैकी जोशुआ द पेनिंग यांनी लॅम्बटन यांना दीर्घकाळ साथ दिली.

दूरची निशाणे दिसण्यासाठी हवा स्वच्छ असावी लागते. उन्हाळ्यात धूळ व उष्णतेच्या झळांमुळे दुर्बिणीतील दृश्य थरथरते. पावसाने हवा धुऊन निघाली, की पन्नास मैलांवरील शिखरही स्पष्ट दिसू शकते. म्हणून निरीक्षणे मुख्यतः पावसाळ्यात व त्यानंतरच्या दिवसांत केली जात. हाच काळ जंगलांत हिवतापाचा असे. टेकड्यांवरील झाडी तोडणारे आणि निशाणाजवळ दिवसेंदिवस थांबणारे अनेक लोक या तापाला बळी पडले. त्यांपैकी बहुतेकांची नावे कोणत्याही अहवालात आढळत नाहीत. उंच जागी दुर्बीण लावणाऱ्या या परक्यांबद्दल गावकरी व स्थानिक सत्ताधीश यांना संशय वाटणेही स्वाभाविक होते. किल्ल्यावर किंवा मंदिरावर चढण्याची परवानगी मिळवण्यात अनेकदा वेळ जाई.

मान्यता

लॅम्बटन यांचे अहवाल प्रथम कलकत्त्याच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’ या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. युरोपातील शास्त्रज्ञांचे लक्ष त्यांच्याकडे गेल्यावर १८१७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व त्यांना मिळाले. फ्रेंच विज्ञान अकादमीनेही त्यांना आपले पत्रव्यवहारी सदस्य करून घेतले. १ जानेवारी १८१८ पासून हे सर्वेक्षण मद्रासऐवजी थेट कलकत्त्याच्या मध्यवर्ती सरकारच्या अखत्यारीत आले आणि त्याला ‘ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे’ हे नाव मिळाले. लॅम्बटन त्याचे पहिले अधीक्षक झाले. त्याच वर्षी त्यांचे प्रमुख साहाय्यक म्हणून जॉर्ज एव्हरेस्ट या तरुण तोफखाना अधिकाऱ्याची नेमणूक झाली. हैदराबादच्या पूर्वेकडील जंगलांत काम करताना एव्हरेस्ट तापाने इतके आजारी पडले, की प्रकृती सुधारण्यासाठी त्यांना केप ऑफ गुड होपला जावे लागले.

व्यक्तिमत्त्व

लॅम्बटन उंचेपुरे, मितभाषी आणि साध्या राहणीचे होते. मोठेपणाची किंवा पदाची हाव त्यांच्यात फारशी दिसत नाही. त्यांनी रीतसर विवाह केला नाही. मात्र भारतातील त्यांच्या सहचरींपासून त्यांना मुले झाली होती, आणि त्यांचे कुटुंब सर्वेक्षणाच्या तळाबरोबरच असे. भारतात आल्यानंतर ते पुन्हा कधीही इंग्लंडला गेले नाहीत. उतारवयात त्यांची प्रकृती खालावली होती. तरीही मोठ्या थिओडोलाइटजवळ उभे राहिल्यावर त्यांच्यात जुना जोम संचारत असे, अशी आठवण एव्हरेस्ट यांनी नोंदवली आहे.

हिंगणघाट येथे मृत्यू

१८२२ च्या अखेरीस लॅम्बटन यांनी हैदराबादहून नागपूरकडे मुक्काम हलवण्याचे ठरवले. वय सुमारे सत्तर वर्षांचे होते आणि क्षयासारख्या छातीच्या विकाराने ते खंगले होते. बैलगाड्या, तंबू आणि यंत्रे यांच्यासह हा तळ नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातील हिंगणघाट या कापसाच्या बाजारपेठेच्या गावी पोहोचला. तेथेच २० जानेवारी १८२३ रोजी त्यांचा मृत्यू झाला. त्यांना हिंगणघाट येथे दफन करण्यात आले. नागपूर तेथून सुमारे पन्नास मैलांवर होते.

एकवीस वर्षांच्या अवधीत त्यांच्या सर्वेक्षणाने सुमारे १,६५,००० चौरस मैलांचा प्रदेश त्रिकोणांच्या जाळ्यात बांधला होता. ८°९' उत्तर अक्षांशापासून १८°३' उत्तर अक्षांशापर्यंत त्यांनी मोजलेला कंस विषुववृत्ताजवळच्या प्रदेशात तोवर मोजल्या गेलेल्या कंसांत सर्वांत लांब होता.

वारसा

लॅम्बटन यांच्यानंतर सर्वेक्षणाची सूत्रे एव्हरेस्ट यांच्याकडे आली. त्यांनी ग्रेट आर्क हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेला. कन्याकुमारीपासून डेहराडूनच्या परिसरापर्यंत सुमारे २,४०० किलोमीटर लांबीचे हे काम १८४१ मध्ये पूर्ण झाले. लॅम्बटन व एव्हरेस्ट यांच्या मोजण्यांच्या आधारे पृथ्वीच्या आकाराचे जे गणिती प्रतिरूप ठरवण्यात आले, ते ‘एव्हरेस्ट गोलाभ’ या नावाने ओळखले जाते. भारताचे स्थलनिर्देशक नकाशे दीर्घकाळ याच गोलाभावर आधारलेले होते. सर्वेक्षणाचे त्रिकोण हिमालयापर्यंत पोहोचल्यामुळेच मैदानी प्रदेशातून शिखरांची उंची काढणे शक्य झाले. जगातील सर्वोच्च शिखराच्या उंचीचे गणित १८५२ साली राधानाथ सिकदार यांनी केले आणि १८६५ साली त्या शिखराला एव्हरेस्ट यांचे नाव देण्यात आले. लॅम्बटन यांचे नाव मात्र कोणत्याही प्रसिद्ध शिखराला मिळाले नाही.

चेन्नईतील सेंट थॉमस माउंट येथे लॅम्बटन यांचा अर्धपुतळा असून त्यांची समाधी हिंगणघाट येथे आहे. या दोन स्थळांना भेट देणाऱ्या अभ्यासकाला पहिल्या आधाररेषेपासून अखेरच्या मुक्कामापर्यंतचा त्यांचा मार्ग भारताच्या नकाशावर सहज रेखता येतो. दोन्ही ठिकाणे ७८° ते ८१° पूर्व रेखांशांच्या दरम्यान आहेत.

नकाशावाचनातील महत्त्व

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या स्थलनिर्देशक नकाशावर डोंगरमाथ्यांवर काही ठिकाणी लहान त्रिकोण आणि त्याशेजारी उंचीचा आकडा छापलेला असतो. त्या जागेचे स्थान व उंची त्रिकोणमितीय मोजणीने निश्चित झाली आहे, असा त्या खुणेचा अर्थ होतो. नुसता टिंब आणि आकडा असल्यास ती स्थळाची उंची असते. नकाशावाचन शिकणाऱ्या विद्यार्थ्याला या दोन खुणांमधील फरक सांकेतिक चिन्हांच्या सूचीत पाहता येतो.

या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील एक किलोमीटर. सह्याद्रीतील एखादा गड चढण्यापूर्वी पर्यटक पट्टी लावून पायथ्याच्या गावापासून माथ्यापर्यंतचे अंतर काढतो, समोच्चरेषा मोजून चढाईचा अंदाज घेतो आणि उत्तर दिशा जुळवून वाट ठरवतो. प्रमाण, दिशा आणि उंची या तिन्ही गोष्टी तो नकाशावरून जशाच्या तशा स्वीकारतो, कारण त्यांची पडताळणी आधीच झालेली असते. कृत्रिम उपग्रहांच्या साहाय्याने स्थाननिश्चिती होऊ लागल्यापासून त्रिकोणांच्या जुन्या मालिकांचा दैनंदिन वापर थांबला आहे. तरीही अनेक टेकड्यांवर सर्वेक्षणाचे दगडी चौथरे व कोरलेल्या खुणा अद्याप आढळतात आणि नकाशावरील त्रिकोण त्यांच्याच जागा दाखवतात.